‘रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगण्याआधी : शिक्षक बंधू-भगिनींना खुले पत्र

प्रति,
जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतील सर्व शिक्षक बंधू-भगिनी,
तसेच शिक्षक संघटनांचे पदाधिकारी, महाराष्ट्र.

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी करसल्लागार म्हणून काम करते. फॉर्म १६ (पगाराचे आणि त्यातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र) हातात पडले की जून-जुलैत माझ्या कार्यालयात सर्वांत जास्त वर्दळ असते ती तुमची. शाळा सुटल्यावर, गाडीच्या डिकीतून कागदांची पिशवी काढत तुम्ही येता आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘मॅडम, किती परत मिळतील?’ या प्रश्नाबद्दलच मला आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचे आहे.

गेल्या काही वर्षांत गावोगाव एक धंदा फोफावला आहे. मधल्या सुट्टीत कुणीतरी ओळखीचा माणूस शाळेत येतो. ‘सर, टॅक्स किती कापला? चाळीस हजार? सगळा परत आणून देतो. आधी एक रुपया देऊ नका. पैसे खात्यावर आले की त्यातले वीस टक्के द्या.’ पॅन, आधार आणि फॉर्म १६ चे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. ओटीपी फोनवर सांगितला जातो. महिना-दीड महिन्यात रक्कम खात्यात जमा होते आणि स्टाफरूममध्ये बातमी पसरते की अमक्याने काम करून दिले. पुढच्या वर्षी अख्खे केंद्र, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळा, त्याच्याकडे जाते.

त्या माणसाचे काय करायचे ते आयकर विभाग बघेल. मला काळजी तुमची आहे. कारण आयकर विवरणपत्रावर नाव तुमचे असते, पडताळणीचा ओटीपी तुमचा असतो, ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ ही घोषणाही कायद्याच्या नजरेत तुमचीच असते. खोट्या वजावटी (करपात्र उत्पन्नातून कमी होणाऱ्या रकमा) दाखवून आलेला रिफंड म्हणजे तुमच्या नावावर, तुम्हाला न विचारता काढलेले कर्ज आहे. त्याचा व्याजदर कोणत्याही पतसंस्थेपेक्षा जबर आहे आणि ते स्वतःहून फेडायची सोय कायद्यात आज आहे. हे पत्र लिहायचे खरे कारण ही सोय तुमच्यापर्यंत पोचवणे हे आहे.

मागे एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. आदल्या दोन वर्षांची विवरणपत्रे दुसऱ्याने भरलेली होती. या वर्षी मात्र लॉगिनच होत नव्हते. आम्ही आधार ओटीपीने पासवर्ड बदलला आणि ‘माय प्रोफाइल’ उघडले. तिथे मोबाइल क्रमांक बाईंच्या ओळखीचा नव्हता आणि ईमेलचा पत्ता तर त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता. विभागाकडून आलेला पत्रव्यवहार त्या पत्त्यावर जात होता आणि तो पत्ता आता कुणी उघडतही नसावे. मग आम्ही ‘व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स’मधून जुन्या विवरणपत्राची पीडीएफ काढली. प्रकरण ६-ए खालच्या वजावटींच्या रकान्यात कलम ८०सी, म्हणजे विमा, भविष्य निर्वाह निधी अशी बचत होती, ती बरोबर होती. त्याखाली ८०जीजीसी, म्हणजे राजकीय पक्षाला देणगी. त्याखाली ८०डीडी : अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीच्या संगोपनाचा खर्च, तीव्र दिव्यांगत्व, १,२५,००० रुपये. बाई त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मॅडम, माझी दोन्ही मुलं धडधाकट आहेत.’

त्यांना खोटेपणा करायचा नव्हता. त्यांनी फक्त विचारले नव्हते की पैसे कोणत्या कारणाने परत येत आहेत.

आता हिशेब मांडू या, म्हणजे या व्यवहारात कोण किती कमावतो ते डोळ्यांसमोर येईल. समजा, २०२४-२५ या आर्थिक वर्षात एका शिक्षकाचा एकूण पगार ९,६०,००० रुपये. कार्यालयाने नव्या करप्रणालीने (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) हिशेब केला : प्रमाणित वजावट ७५,०००, करपात्र उत्पन्न ८,८५,०००. कर ३८,५०० आणि ४ टक्के उपकर धरून ४०,०४०. तेवढीच कपात पगारातून झाली. म्हणजे देणेही नाही, येणेही नाही. खाते चोख.

एजंट काय करतो? तो विवरणपत्र जुन्या, वजावटी मिळणाऱ्या करप्रणालीत भरतो. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सीचे दीड लाख हे सगळे खरे. उरले ७,५७,५००. पण जुन्या प्रणालीत ५ लाखांपर्यंत उत्पन्न आले की कलम ८७एच्या सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणून त्याला अजून २,५७,५०० रुपयांच्या वजावटी लागतात. मग राजकीय पक्षाला देणगी १,६०,०००, वैद्यकीय विम्याचा हप्ता २५,०००, शैक्षणिक कर्जाचे व्याज ७२,५००. यातले काहीही घडलेले नाही, पण बेरीज बरोबर जुळते. कर शून्य, रिफंड ४०,०४०. त्यातले वीस टक्के त्याचे, शिक्षकाच्या हाती सुमारे ३२,०००.

पुढे तपासणीत हे उघड झाले की खोट्या वजावटी काढून टाकल्या जातात. विवरणपत्र जुन्या प्रणालीत भरलेले असल्यामुळे हिशेबही त्याच प्रणालीने होतो : ७,५७,५०० वर उपकरासह ६६,५६० रुपये कर. प्रामाणिकपणे नव्या प्रणालीत राहिला असता तर ४०,०४० मध्ये भागले असते, हे इथे लक्षात घ्या. शिवाय उत्पन्न चुकीचे सांगितले म्हणून कलम २७०ए खाली कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, तो १,३३,१२० रुपये. दोन्ही मिळून १,९९,६८०. व्याज त्यावर वेगळे. हाती आले होते ३२,०००. आणि एजंटचे ८,००० कुणी परत देत नाही. गंभीर प्रकरणात खटल्याचीही तरतूद कायद्यात आहे.

‘इतक्या लाखो लोकांत माझंच कोण बघतंय?’ असे अनेक जण मला विचारतात. आता यंत्रणा बघते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी एकाच वेळी पडताळणीची कारवाई केली, ती नेमकी अशा विवरणपत्र भरून देणाऱ्या टोळ्यांवर आणि खोट्या दाव्यांवर होती. महाराष्ट्र त्या राज्यांच्या यादीत होता. तात्पुरते ईमेल पत्ते उघडून थोक भावाने विवरणपत्रे भरायची आणि नंतर ते पत्ते सोडून द्यायचे, त्यामुळे नोटिसा कुणी वाचतच नाही, ही पद्धत विभागाने त्या वेळी जाहीर निवेदनातच सांगितली. लाभ घेणाऱ्यांत शैक्षणिक संस्थांतील कर्मचारीही असल्याचे त्यात म्हटले होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये राजकीय देणग्यांचे संशयास्पद दावे असलेल्यांना विभागाने एसएमएस आणि ईमेल पाठवून स्वतःहून दुरुस्ती करण्यास सुचवले. तुमच्या फोनवर असा संदेश आला असेल तर तो फसवा समजून पुसून टाकू नका. पोर्टलवर जाऊन खात्री करा. आणि संदेश आलाच नाही म्हणून निर्धास्तही राहू नका, कारण पोर्टलवर क्रमांक दुसऱ्याचाच असू शकतो. आर्थिक वर्ष संपून चार वर्षे झाल्यानंतरही फेरतपासणीची नोटीस येऊ शकते.

राजकीय देणगीच्या दाव्यात तर तुमच्यासाठी दुहेरी धोका आहे आणि याबद्दल कुणी बोलताना मला दिसत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय चळवळीला वर्गणी देण्यास मनाई आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठीही स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. म्हणजे ज्याने एका पक्षालाही कधी दहा रुपये दिलेले नाहीत, अशा शिक्षकाने सरकारी कागदावर लिहून दिलेले असते की मी दीड लाख दिले. दावा खोटा ठरला तर करचुकवेगिरी, खरा धरला तर वर्तणूक नियमांचा प्रश्न. बावीस-पंचवीस वर्षांची सेवा आणि पुढचे निवृत्तिवेतन यांच्यासमोर ३२,००० रुपयांची किंमत काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग आता काय करायचे?

सर्वांत आधी, आजच, आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. पासवर्ड माहीत नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून नवा करता येतो. ‘माय प्रोफाइल’मध्ये मोबाइल आणि ईमेल स्वतःचे घाला. नवऱ्याचा किंवा मुलाचा चालेल, एजंटचा चालणार नाही. मग ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसीडिंग्ज’ उघडून बघा, काही नोटीस पडून आहे का. त्यानंतर मागच्या वर्षांच्या विवरणपत्रांच्या पीडीएफ उतरवून घ्या आणि वजावटींचे पान स्वतः वाचा. प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न विचारायचा : याची पावती माझ्याकडे आहे का?

पावती नसलेला आकडा सापडला तर घाबरून गप्प बसू नका. वर्ष अलीकडचे असेल आणि मुदत उरली असेल तर सुधारित विवरणपत्र भरता येते. मुदत संपली असेल तर ‘अपडेटेड रिटर्न’ची, म्हणजे अद्ययावत विवरणपत्राची वाट आहे. पूर्वी ती दोनच वर्षे खुली होती. १ एप्रिल २०२५ पासून ती करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचे वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत वाढवली आहे. यात मूळ कर आणि व्याज भरायचे आणि त्यावर जादा रक्कम : पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के. वरच्या उदाहरणातल्या शिक्षकाने ३१ मार्च २०२७ पर्यंत हे केले तर व्याज सोडून ६६,५६० अधिक १६,६४०, म्हणजे ८३,२०० रुपये भरावे लागतील. चौथ्या वर्षापर्यंत थांबला तर तीच रक्कम १,१३,१५२ होईल. थोडीथोडकी रक्कम नाही, मला कल्पना आहे. पण १,९९,६८० च्या समोर ठेवून बघा. २०२१-२२ या आर्थिक वर्षासाठी हे दार ३१ मार्च २०२७ ला कायमचे बंद होणार आहे. विभागाने तुमच्यावर कार्यवाही सुरू केली की गोष्टी इतक्या सोप्या राहत नाहीत, म्हणून नोटिशीची वाट पाहू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू असला तरी त्याआधीच्या वर्षांचे हिशेब १९६१ च्या कायद्याप्रमाणेच होतात, त्यामुळे ‘कायदा बदलला, जुने सगळे मिटले’ असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही.

त्या बाईंनी दोन्ही वर्षांची अद्ययावत विवरणपत्रे भरली. त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढावे लागले. जाताना मला त्यांनी विचारले, की आपल्या शाळेतल्या इतरांना हे सांगितले तर चालेल का. चालेल काय, सांगायलाच हवे.

आता तुमच्या हक्काच्या रिफंडाबद्दल. तोही असतो आणि तो घेण्यात कसलाच संकोच नको. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी १ जानेवारी २०१६ पासूनची, पण ती शासनाने पाच वार्षिक हप्त्यांत दिली. भविष्य निर्वाह निधीचे खाते असलेल्यांच्या खात्यात ती जमा झाली, अंशदायी निवृत्तिवेतन योजनेतल्यांना रोखीने मिळाली. ज्या वर्षी हप्ता मिळाला त्या वर्षी उत्पन्न फुगले आणि कर वाढला. यासाठीच कलम ८९ आहे. थकबाकी ज्या वर्षाची, त्या वर्षी मिळाली असती तर किती कर बसला असता याचा हिशेब करून जादा बसलेला कर कमी करता येतो. अट एकच, विवरणपत्र भरण्याआधी पोर्टलवर फॉर्म १०ई भरायचा. तो न भरता नुसती सवलत मागितली तर ती नाकारली जाते. वरिष्ठ वेतनश्रेणी किंवा निवडश्रेणीचा फरक एकदम मिळाला, पदोन्नतीची वेतननिश्चिती उशिरा होऊन थकबाकी आली, तरी हेच कलम. नवी करप्रणाली घेतली तरी ही सवलत मिळते. माझा अनुभव असा, की चाळीस हजारांचा खोटा रिफंड काढून देणारा माणूस फॉर्म १०ईच्या वाट्याला जात नाही, कारण त्यात पाच-सहा वर्षांची पगारपत्रके काढून डोके घालून बसावे लागते.

दुसरी अडचण कपातीची. फेब्रुवारीच्या पगारातून कर कापला जातो, पगारपत्रकात दिसतो, पण २६एएसमध्ये (पोर्टलवरच्या, तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) येत नाही. कारण कार्यालयाचे तिमाही विवरणपत्र, २४क्यू, भरलेले नसते किंवा पॅनचा एखादा आकडा चुकलेला असतो. अशा वेळी विवरणपत्र भरण्याची घाई करू नका, आधी कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी आठवण वर्षभर तोंडीच राहते. फॉर्म १६ देण्याची तारीख १५ जून आहे आणि तो ट्रेसेसवरून (कर कपातीसाठीचे विभागाचे संकेतस्थळ) उतरवलेला, प्रमाणपत्र क्रमांक असलेला हवा. एक्सेलमध्ये टाइप करून शिक्का मारलेला कागद म्हणजे फॉर्म १६ नव्हे.

मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयातील पगाराचे काम पाहणाऱ्यांना इथे हात जोडून विनंती आहे. शालार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीची बिले, शालेय पोषण आहाराचे हिशेब, माहितीचे रोजचे तक्ते या सगळ्यात २४क्यू मागे पडते, हे मी जवळून पाहते. पण तुमच्याकडून झालेला उशीर शिक्षकाला त्या एजंटच्या दारात नेऊन उभा करतो.

आणि चालू परिस्थितीत तर एजंटची गरजच संपत आली आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२,७५,००० होते. वर ज्याच्या ९,६०,००० पगाराचे उदाहरण घेतले, त्याचा २०२५-२६ चा कर शून्य आहे. कोणतीही पावती नको, कोणतीही पॉलिसी नको, भाड्याची चिठ्ठी नको. एनपीएसमधला (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) शासनाचा १४ टक्के हिस्सा नव्या प्रणालीतही वजा मिळतो, तो फॉर्म १६ मध्ये दाखवला आहे ना, एवढे मात्र बघा. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या किंचित वर गेले तरी एकदम साठ हजारांचा बोजा बसत नाही. १२,१०,००० असेल तर कर वरच्या १०,००० पुरताच मर्यादित राहतो, उपकरासह १०,४००.

मात्र पगाराबरोबर इतर उत्पन्नही मोजायचे असते. ठेवींचे व्याज, पतसंस्थेचा लाभांश, शिकवण्यांचे पैसे. शेअरच्या विक्रीतला नफा विशेष दराने करपात्र असेल तर त्यावर ही १२ लाखांची सवलत मिळत नाही, हे तरुण शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे विभागाकडे नोंद असलेल्या तुमच्या व्यवहारांच्या वार्षिक विवरणात, यातले बरेच काही दिसते. ते वाचूनच आकडे भरा.

जुनी करप्रणाली अजून कुणाला फायद्याची? माझ्या मते फार थोड्यांना. १४ लाख पगार असलेल्या शिक्षकाचा २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत कर ८१,९०० होतो. जुन्या प्रणालीत तेवढाच कर यायला प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून आणखी ५,१६,२५० रुपयांच्या खऱ्याखुऱ्या वजावटी लागतात. गृहकर्जाचे दोन लाख व्याज, ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे स्वतंत्र ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० एवढे सगळे जमवले तरी ४,२५,००० होतात. घरभाडे भत्त्याची सूट खरोखरच मिळण्यासारखी असेल, किंवा घरात दिव्यांग व्यक्ती असून तिचे प्रमाणपत्र असेल, तरच गणित जुळते. अशा कुटुंबांनी जुनी प्रणाली अवश्य घ्यावी, तो त्यांचा हक्क आहे. पण आता जुन्या प्रणालीत भरताना विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक, कर्ज खात्याचा क्रमांक, देणगीच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असा तपशील विवरणपत्रातच द्यावा लागतो. वर्षाला एक लाखाहून अधिक भाडे दाखवायचे तर घरमालकाचा पॅन लागतो, आणि ते भाडे घरमालकाच्या उत्पन्नातही दिसायला हवे. सासऱ्यांच्या नावाने चिठ्ठ्या लिहिण्याचे दिवस गेले.

एक गोष्ट मला या बदलात खटकते, ती लिहिते. करबचतीच्या निमित्ताने का होईना, फेब्रुवारीत तुम्ही कुठेतरी पैसे घालत होता. आता ते निमित्त राहिले नाही. जिथे दोघेही नोकरीत आहेत तिथे वाचलेला कर हप्त्याच्या गाडीत जातो, हे मी बघते आहे. जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाल्यावर, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमणूक झालेल्यांनी तरी असे करू नये, त्यांच्या निवृत्तीचे चित्र आधीच्या पिढीसारखे नाही. फक्त आता गुंतवणूक कर वाचवण्यासाठी नको, कामासाठी करा. मूल लहान असेल तर मोठ्या रकमेचा साधा मुदत विमा, घरासाठी आरोग्य विमा, आणि पगार झाला की दुसऱ्याच दिवशी परस्पर वळती होणारी एखादी रक्कम, पीपीएफमध्ये किंवा जिथे तुम्हाला समजते तिथे. पतसंस्थेचे कर्ज काढून पॉलिसीचा हप्ता भरणे मात्र थांबवा.

शिक्षक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझे शेवटचे मागणे आहे. बदल्यांच्या काळात तुम्ही तालुक्याला मदत कक्ष उघडता, रात्री बारापर्यंत शिक्षकांचे अर्ज तपासता. तसाच एक कक्ष १५ जून ते १५ जुलै या काळात विवरणपत्रांसाठी उघडा. गटसाधन केंद्रात एक खोली, दोन संगणक, नेट आणि संगणक येणारे चार तरुण शिक्षक एवढे पुरेसे आहे. पहिला आठवडा फक्त लॉगिन, मोबाइल आणि ईमेल दुरुस्त करण्यासाठी आणि जुन्या विवरणपत्रांची पाने छापून ज्याच्या त्याच्या हाती देण्यासाठी ठेवा. ज्यांच्या पानावर खोटे आकडे निघतील त्यांची नावे बाहेर जाणार नाहीत, असा शब्द आधीच द्या, नाहीतर नेमके ज्यांना गरज आहे ते येणार नाहीत. मुदतीत, म्हणजे ३१ जुलैच्या आत, विवरणपत्र भरणे आणि भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करणे या दोन गोष्टी प्रत्येकाला करून दाखवा.

आपल्या तालुक्यात असा कक्ष उघडायचे ठरले तर शनिवारी शाळा सुटल्यानंतर मी येऊन बसेन. त्याची फी घेणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकूनच मी इथवर आले आहे. अध्यक्षांनी जागा आणि तारीख तेवढी कळवावी. शिक्षकांनी येताना आधार कार्ड, आधारशी जोडलेला मोबाइल आणि फॉर्म १६ सोबत आणावा. थकबाकी मिळाली असेल तर तिचे वर्षवार विवरणही आणावे.

कळावे,
आपली,
एक करसल्लागार